बाकड्यावरून लिहिलेली पत्रं : नासचा 'इलमॅटिक' आणि क्वीन्सब्रिजचा इतिहास

वाचायला लागण्याआधी एक काम करा. हेडफोन लावा आणि 'इलमॅटिक' सुरू करा. अख्खा अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. सुरुवातीला गाणं येतच नाही. आधी ट्रेनचा खडखडाट ऐकू येतो. मग 'वाइल्ड स्टाइल' या हिपहॉपवरच्या सुरुवातीच्या सिनेमातले काही संवाद येतात, आणि मागे कुठेतरी दबक्या आवाजात एका पोराचं रॅप चालू असतं. तो पोरगा म्हणजे नास स्वतः, तीन वर्षं आधीचा.

१९ एप्रिल १९९४ रोजी हा अल्बम बाजारात आला, तेव्हा नास वीस वर्षांचा होता. शाळा त्याने आठवीनंतर सोडली होती. तुमच्यापैकी बरेच जण आज त्याच वयाचे असाल. अल्बम ग्रेट आहे की नाही यावर इंटरनेटवर भरपूर वाद आहेत आणि ते तुम्ही वाचलेही असतील. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्या वस्तीबद्दल सरकारी कागद, पोलिसांच्या नोंदी आणि वर्तमानपत्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्या एवढंच लिहिलं गेलं, त्या वस्तीचा इतिहास लिहायचा झाला तर साधन काय? आणि एखादा अल्बम असं साधन होऊ शकतो का? झालाच, तर त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

१९७३

सुरुवात एका सालापासून करू. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तीन गोष्टी घडल्या आणि त्या घडताना त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

मे महिन्यात राज्याचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविषयीचे नवे कायदे मंजूर केले. थोड्याशा मालाच्या विक्रीसाठीसुद्धा किमान पंधरा वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल, असे हे कायदे होते. न्यायाधीशाला माणूस बघून, परिस्थिती बघून शिक्षा कमी करायला फारशी जागाच उरली नाही.

११ ऑगस्टला ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये डीजे कूल हर्क आणि त्याच्या बहिणीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत, एवढाच त्या बहिणीचा हेतू होता. आज जग तो दिवस हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून साजरा करतं.

आणि १४ सप्टेंबरला नासिर जोन्सचा जन्म झाला.

कायदा, संगीत आणि मुलगा, तिघंही एकाच वयाचे. एकवीस वर्षांनंतर आलेल्या 'इलमॅटिक'मध्ये ही तिन्ही धागेदोरे एकत्र विणलेले दिसतात. अल्बममधलं एक गाणं तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहे. ते मित्र तिथे का होते, याचं अर्धं उत्तर १९७३ च्या त्या कायद्यात सापडतं. तेव्हा राज्याच्या तुरुंगांत पंधरा हजारांपेक्षा कमी कैदी होते. १९९९ पर्यंत तो आकडा सत्तर हजारांच्या वर गेला.

पुलाखालची वस्ती

तुमच्यापैकी जे न्यूयॉर्कच्या आसपास राहतात ते जॅक्सन हाइट्सला किराणा-मिठाई घ्यायला नक्की गेले असतील. त्याच क्वीन्समध्ये, पण पार पश्चिमेच्या टोकाला, ईस्ट नदीच्या काठी आणि क्वीन्सबरो पुलाच्या शेजारी, क्वीन्सब्रिज हाउसेस ही सार्वजनिक गृहवसाहत आहे. अमेरिकेत अशा वसाहतींना सरसकट 'प्रोजेक्ट्स' म्हणतात. मुंबईतल्या नातेवाइकांना सांगायचं झालं तर म्हाडाची वसाहत म्हणा. फरक इतकाच की इथे घर कधीच तुमच्या मालकीचं होत नाही, सगळे भाडेकरू. सहा मजल्यांच्या इमारती आणि तीन हजारांहून जास्त घरं. अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी सार्वजनिक गृहवसाहत.

१९३९ मध्ये ती उघडली तेव्हा ती अभिमानाची गोष्ट होती. महामंदीतून बाहेर येणाऱ्या देशाने कामगारांसाठी बांधलेली स्वच्छ, हवेशीर घरं. सुरुवातीचे बहुतेक रहिवासी गोरे होते. १९५० च्या दशकात प्रशासनाने ठरावीक उत्पन्नाच्या वर गेलेल्या कुटुंबांना इथून हलवून मध्यमवर्गीय वसाहतींत पाठवलं. त्यात बहुसंख्य गोरी कुटुंबं होती. मागे राहिले आणि नव्याने आले ते गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. वस्तीची गरिबी आपोआप आली नाही. ती नियमांनी आणली, हे लक्षात ठेवा. मग १९७० च्या दशकात शहराचीच तिजोरी रिकामी झाली आणि १९८० च्या दशकात क्रॅक आलं.

क्रॅक म्हणजे कोकेनचाच स्वस्त, ओढायचा प्रकार. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला तीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, जी पावडर कोकेनच्या पाचशे ग्रॅमला होती. माल एकच, पण गरीब वस्तीत विकला जाणारा प्रकार शंभर पटीने महाग पडला. १९९० साली न्यूयॉर्क शहरात २,२०० हून अधिक खून झाले. शहराच्या इतिहासात इतका आकडा त्याआधीही नव्हता आणि नंतरही झाला नाही.

पण क्वीन्सब्रिज म्हणजे नुसतं एवढंच असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. इथे मार्ली मार्ल राहत होता, हिपहॉपच्या सुरुवातीच्या काळातला सगळ्यात कल्पक प्रोड्यूसरांपैकी एक. १९८४ मध्ये त्याच्या घरातल्या साध्या सामानावर रॉक्सान शांते नावाच्या शेजारच्या मुलीने एक रॅप रेकॉर्ड केलं. आपण धुणं घेऊन लाँड्रीत निघालो होतो, असं ती सांगते. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ते गाणं गाजलं. मग एमसी शानने वस्तीची महती सांगणारं 'द ब्रिज' काढलं, त्यावर ब्राँक्सच्या केआरएस-वनने सणसणीत उत्तर दिलं, आणि १९८६-८७ मध्ये दोन वस्त्यांत गाण्यांचीच लढाई पेटली. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सामने व्हायचे, साधारण तसंच, फक्त फड रेडिओवर लागलेला. ही लढाई क्वीन्सब्रिज हरलं, असं सगळे मानत होते. नास तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता.

कॉर्नेट, पोस्ट आणि वरच्या मजल्यावरचा मित्र

नासचे वडील ओलू दारा जॅझ वादक. मिसिसिपीतल्या नॅचेझ गावचे, कॉर्नेट वाजवणारे. घर भरून पुस्तकं, तबकड्या, वाद्यं. आई फॅनी अ‍ॅन पोस्टात नोकरीला. पुढे आईवडील वेगळे झाले आणि दोन्ही मुलं आईजवळ क्वीन्सब्रिजमध्येच राहिली. शाळा सोडल्यावर नास स्वतःच वाचत राहिला. आफ्रिकेचा इतिहास, धर्मग्रंथ, जे हाती पडेल ते. 'शिक्षण सोडलेला मुलगा' या शिक्क्यात हा तपशील बसत नाही, म्हणून सांगितला.

वरच्या मजल्यावर विली ग्रॅहम राहायचा. सगळे त्याला 'इल विल' म्हणायचे. तो नासचा जिवलग मित्र. त्याच्याकडे टर्नटेबल होतं आणि दोघं मिळून गाणी रचायचे. १९९१ मध्ये मेन सोर्स या गटाच्या 'लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू' या गाण्यात नासला पहिलं कडवं मिळालं. सुरुवातीला ट्रेनच्या आवाजामागे तुम्ही जे दबकं रॅप ऐकलंत, ते हेच. एका कडव्यावर शहरभर नाव झालं.

मे १९९२ मध्ये वस्तीतच इल विलचा गोळी घालून खून झाला. त्याच रात्री नासच्या धाकट्या भावालाही, जंगलला, गोळी लागली. तो वाचला.

'इलमॅटिक'मधली बहुतेक गाणी त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत तयार झाली. अल्बम ऐकताना मधूनमधून विलचं नाव येतं. ते येऊन जातं, त्यावर कुठे वेगळं शोकगीत नाही. घरात एखादं माणूस गेल्यावर बोलण्याच्या ओघात त्याचं नाव येतं आणि कुणी थांबत नाही, तसं.

दहा तुकडे

गाणं गाजलं तरी करार मिळत नव्हता. एमसी सर्च नावाच्या रॅपरने नासची बाजू घेतली. एका मोठ्या कंपनीने नकार दिल्यावर तो टेप घेऊन कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये फेथ न्यूमन यांच्याकडे गेला. त्यांनी 'बार्बेक्यू' ऐकल्यापासून याच मुलाचा शोध चालवला होता. करार झाला.

मग एक नवी गोष्ट घडली. तोवर एका अल्बमला साधारणपणे एकच प्रोड्यूसर किंवा एकच गट असायचा. इथे डीजे प्रीमियर, लार्ज प्रोफेसर, पीट रॉक, क्यू-टिप असे शहरातले चार नावाजलेले प्रोड्यूसर आणि वस्तीतलाच एल.ई.एस. असे पाच जण आले. दहा तुकडे, त्यातला पहिला नुसती प्रस्तावना. पाहुणा रॅपर एकच, एझी. गाण्यांच्या संख्येने अल्बम फुगवायचा त्या काळचा रिवाज होता. तो इथे नाही.

सॅम्पल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच. जुन्या तबकडीतला एखादा तुकडा उचलायचा, तो फिरवत ठेवायचा, त्यावर नवा ताल चढवायचा. पण 'इलमॅटिक'मधले तुकडे कुठून आलेत ते बघा. 'द वर्ल्ड इज युअर्स'मध्ये अहमद जमालचा पियानो. 'वन लव्ह'मध्ये हीथ ब्रदर्स. 'एन.वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये जो चेंबर्सचा पियानो. म्हणजे विशीतल्या पोरांनी आपल्या आईवडिलांच्या पिढीचं जॅझ कपाटातून काढलं आणि त्यावर आपल्या गल्लीची गोष्ट सांगितली. इतिहासकाराच्या भाषेत सांगायचं तर हे दप्तरखान्यातलं काम आहे. धूळ झटकायची, नेमका कागद शोधायचा, त्याचा आजच्या प्रश्नाशी संबंध लावायचा.

आणि 'लाइफ्स अ बिच' या गाण्याच्या शेवटी शब्द थांबतात आणि कॉर्नेट सुरू होतं. ते सॅम्पल नाही. ते स्टुडिओत प्रत्यक्ष येऊन वाजवलेलं आहे, आणि वाजवणारे ओलू दारा आहेत. आयुष्य किती क्षणभंगुर आहे हे दोन पोरं सांगतात, आणि त्यानंतर बाप काही न बोलता वाजवतो. आयुष्यभर इतरांच्या तबकड्यांवर वाजवलेल्या ओलू दारांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला १९९८ मध्ये, मुलाच्या पहिल्या अल्बमनंतर चार वर्षांनी.

'वन लव्ह'

आता त्या गाण्याकडे येऊ. 'वन लव्ह' हे पत्र आहे. नास तुरुंगातल्या मित्राला वस्तीची खबर कळवतो. तुझं मूल झालंय, दिसायला कसं आहे, तुझी मैत्रीण कशी वागतेय, कोण कुणाशी भांडलं, कोण फिरलं, तुझ्या आईला भेटलो. पहिलं कडवं एकाला, दुसरं दुसऱ्याला.

ही भाषा तुमच्या ओळखीची आहे. घरून येणारा व्हॉइस मेसेज आठवा. बंड्याचं लग्न ठरलं, समोरच्या काकू गेल्या, नाना आता फार चालत नाहीत, नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच सुरात, कारण सांगणाऱ्याला तुम्हाला बातमी द्यायची नसते, तुमची जागा राखून ठेवायची असते. तू इथे नाहीस, पण तुला सगळं माहीत असायला हवं. तुलना इथेच थांबवू. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्यांनी विमानाचं तिकीट काढून देश सोडला. त्या मित्रांना कायद्याने उचललं होतं, आणि घरापासून तासन् तास दूरच्या तुरुंगांत ठेवलं होतं.

तिसऱ्या कडव्यात पत्र थांबतं. लिहिणारा जरा शांत व्हायला वस्ती सोडून जातो, परत येतो, आणि बाकड्यावर त्याला बारा वर्षांचा एक पोरगा भेटतो. तो पोरगा आधीच धंद्यात आहे, अंगात बुलेटप्रूफ जाकीट आहे. वीस वर्षांचा नास त्याला वडीलकीच्या चार गोष्टी सांगतो. त्या गोष्टी ऐकताना लक्ष द्या. तो 'हे सोड, शाळेत जा' असं म्हणत नाही. सावध कसं राहावं, एवढंच सांगतो. त्या वस्तीत तेवढंच खरं वाटेल असा सल्ला त्याच्याकडे होता.

समाजशास्त्राच्या कुठल्याही अहवालात क्वीन्सब्रिजमधली बेरोजगारी आणि अटकेचे आकडे मिळतील. पण बारा वर्षांच्या मुलाशी वीस वर्षांचा मुलगा कोणत्या सुरात बोलायचा, हे त्या अहवालात नसतं. 'इलमॅटिक' साधन म्हणून मोलाचा ठरतो तो इथे.

आणखी एक गोष्ट. नास बाहेरच्या माणसासाठी काहीच समजावून सांगत नाही. गल्ल्यांची नावं, माणसांची टोपणनावं, वस्तीतले शब्द तसेच येतात. 'रेप्रेझेंट'च्या शेवटी तर नावांची यादीच आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा मराठी वाचकाची अशीच अडचण झाली होती. मराठीच पुस्तक, पण पुण्या-दादरच्या वाचकाला शब्द कळेनात. दोन्हीकडे लिहिणारा विशीतला, आणि दोन्हीकडे त्याने तडजोड केली नाही. वाचकाने चार पावलं चालत यावं, अशी अपेक्षा ठेवली.

गॅरेजमधल्या कॅसेट

अल्बम इतका छोटा का, याचं एक उत्तर कलेचं आहे आणि एक धंद्याचं. अल्बम पूर्ण व्हायच्या आतच त्याच्या चोरट्या प्रती शहरात फिरू लागल्या. एमसी सर्चच्या आठवणीनुसार एका गॅरेजमध्ये तब्बल साठ हजार चोरट्या प्रती सापडल्या. अजून थांबलो तर विकायला काही उरणार नाही, म्हणून कंपनीने घाई केली.

'द सोर्स' हे तेव्हाचं हिपहॉपचं सगळ्यात वजनदार मासिक. अल्बमला ते पाचपैकी 'माइक' द्यायचं, आणि पूर्ण पाच माइक सहसा कुणाला मिळत नसत. 'इलमॅटिक'ला पाच मिळाले. परीक्षण लिहिलं होतं मिन्या ओ या तरुणीने, 'शॉर्टी' या टोपणनावाने.

तरी विक्री बेताचीच झाली. बिलबोर्डच्या यादीत अल्बम बाराव्या क्रमांकावर आला आणि हळूहळू खाली सरकला. पाच लाख प्रतींचा टप्पा गाठायला १९९६ उजाडलं, दहा लाखांना २००१. पश्चिम किनाऱ्यावरच्या डॉक्टर ड्रेच्या मंडळींपुढे हे आकडे काहीच नव्हते. पण त्याच सप्टेंबरात नोटोरियस बी.आय.जी.चा पहिला अल्बम आला आणि न्यूयॉर्कचं रॅप पुन्हा उभं राहिलं. आणि त्याच सप्टेंबरात, अल्बमनंतर पाचच महिन्यांनी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या, आणखी कडक गुन्हेगारी कायद्यावर सही केली. 'वन लव्ह'सारखी पत्रं लिहायची वेळ आणखी लाखो घरांवर येणार होती.

साक्षीदाराला उलटे प्रश्न

साधन मोलाचं असलं तरी त्याला प्रश्न विचारावेच लागतात. बखर वाचताना आपण विचारतो, लिहिणारा कुणाचा, कुणासाठी लिहितोय, आणि काय गाळतोय? तेच इथेही विचारू.

'इलमॅटिक'मध्ये बाईचा आवाज नाही. बायका आहेत, पण त्या कुणाची तरी आई, कुणाची तरी मैत्रीण, आणि बऱ्याचदा त्यांच्यासाठी वापरलेला शब्द शिवीच आहे. ज्या वस्तीचा पहिला मोठा आवाज चौदा वर्षांच्या रॉक्सान शांतेचा होता, त्या वस्तीच्या या प्रसिद्ध चित्रात मुली बोलतच नाहीत. गंमत बघा, हा अल्बम जगापर्यंत पोचला तो दोन बायकांमुळे. एकीने करार केला, एकीने पाच माइक दिले. पोस्टातली नोकरी करून घर चालवणाऱ्या आईने क्वीन्सब्रिजवर अल्बम केला असता तर तो कसा असता? ते साधन आपल्याकडे नाही. ही उणीव नोंदवणं हाही इतिहासाचाच भाग.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. नास गाण्यात 'मी' म्हणतो, बंदूक चालवतो, पळतो. ते सगळं त्याने केलं होतं का? नाही. त्याने अनेकांचं आयुष्य एका 'मी'मध्ये ओतलं. कादंबरीकार हेच करतो आणि त्याला कुणी अटक करत नाही. पण अमेरिकेतल्या न्यायालयांत रॅपचे शब्द आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचले गेले आहेत, आणि एकदोनदा नव्हे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यावर मर्यादा आणणारा कायदा केला. म्हणून आम्ही संशोधक जेव्हा 'गाणं हा दस्तऐवज आहे' असं म्हणतो तेव्हा जपून म्हणायला हवं. तो एका काळाचा, एका वस्तीच्या भीतीचा आणि भाषेचा दस्तऐवज आहे. एका माणसाचा कबुलीजबाब नाही. हा फरक विसरला तर कुणाचं तरी आयुष्य तुरुंगात जातं.

अंधेरीपर्यंत

या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईत जातो. २०१९ च्या 'गली बॉय' सिनेमाच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचं नाव आहे. त्याच वर्षी त्याच्या मास अपील कंपनीची भारतातली शाखा सुरू झाली आणि तिने अंधेरीच्या जे. बी. नगरात वाढलेल्या डिव्हाइनशी, म्हणजे विवियन फर्नांडिसशी, करार केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये डिव्हाइनचा पहिला स्टुडिओ अल्बम आला, 'कोहिनूर'. त्याआधी २०१५ मध्येच नेझीबरोबरच्या 'मेरे गली में'ने त्याचं नाव झालं होतं.

यातून 'इलमॅटिक'मुळे मुंबईत रॅप आलं असं समजू नका. मुंबईच्या पोरांनी रॅप इंटरनेट कॅफेत, एमपीथ्री सीड्यांवर, स्वतःच्या हिमतीवर शिकलं. पण एक रीत मात्र पुलाखालून तिथवर आली. आपली गल्ली छोटी आहे, तिच्यात कुणाला रस, असा विचार करायचा नाही. गल्लीचं नाव घ्यायचं, तिथली बोली तशीच ठेवायची, आणि ऐकणाऱ्याला तिथे यायला लावायचं.

फोटोतली माणसं

२०१३ मध्ये हार्वर्डमध्ये नासच्या नावाने हिपहॉपच्या अभ्यासासाठी फेलोशिप सुरू झाली. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत अख्खा अल्बम सादर झाला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत 'इलमॅटिक'चा समावेश केला. आता तो अधिकृतपणे दप्तरखान्यात आहे.

पण याच विषयावर २०१४ मध्ये 'टाइम इज इलमॅटिक' नावाचा माहितीपट आला, त्यातला एक प्रसंग आम्हाला या सगळ्या सन्मानांपेक्षा जास्त वेळा आठवतो. नासचा भाऊ जंगल त्या काळचा एक फोटो बघतोय. वस्तीतली पोरं एकत्र, हसतायत, पोझ देतायत. जंगल एकेकावर बोट ठेवत सांगत जातो. हा आत आहे. याला इतकी वर्षं झाली. हा जन्मठेप भोगतोय. याच्यावर खटला चालू आहे. बोट पुढे सरकत राहतं आणि फोटो संपेपर्यंत तुम्हाला कळतं की नावांची ती यादी अल्बममध्ये का होती.

तर आज रात्री अल्बम पुन्हा एकदा ऐका, आणि या वेळी ओळींचा अर्थ शोधू नका. फक्त नावं मोजा. मग एक वही घ्या. तुमच्या आजी-आजोबांच्या चाळीत, वाड्यात किंवा गावातल्या आळीत कोण कोण राहत होतं, त्यांची नावं, टोपणनावं, कोण कुठे गेलं, ते फोन करून विचारा आणि लिहून ठेवा. कशासाठी ते लगेच कळलं नाही तरी चालेल. पुढच्या भागात आपण अशाच एका वहीबद्दल बोलणार आहोत.